गुरुवारचं माहेर

केदारचे केस कापले जात होते आणि तो रडत नव्हता.

शाळेच्या मागच्या खिडकीचे गज धरून मी बघत उभी होते. आत पद्माताई भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. मांडीवर कसलंसं फडकं पसरलेलं, केस सांडू नयेत म्हणून असेल, आणि त्या फडक्यात तोंड खुपसून माझा सात वर्षांचा मुलगा पालथा पडला होता. सूत कापायच्या छोट्या कात्रीनं ती त्याच्या मानेवरचे केस कापत होती. कच. मग थांबायची, काहीतरी पुटपुटायची. पुन्हा कच. केदार डाव्या पायाचा अंगठा हलवत होता. खुशीत असला की तो अंगठा हलवायचा.

आमच्या घरी त्याचे केस कापायचे म्हणजे रणकंदन असायचं. त्याचे बाबा पाय धरायचे, धाकटे दीर हात धरायचे, मी चादर आवळून धरायची आणि केदारपेक्षा मोठ्यानं रडायची. शेवटच्या खेपेला न्हाव्यानं मला कोपरापासून हात जोडले होते. "वहिनी, ह्याला दुसरीकडं न्या. माझी गिऱ्हाइकं पळत्यात."

मी वळसा घालून दारातून आत गेले. "केदार," म्हणून हात पुढे केले. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, नाक आक्रसलं आणि दोन्ही हातांनी मला ढकलून पुन्हा तिच्या मांडीत तोंड घातलं.

"काय गं हेमलता, चारच्या आतच आलीस?" पद्माताई हसत म्हणाली. "म्हायेरातनं एवढ्या लवकर कोन परत येतंय?"

मीही हसले. पण माझ्या पोटात जी आग पडली, ती अठरा वर्षांनी आजही आठवते.

ही इचलकरंजीतली गोष्ट. यांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून तिथं गेलो होतो. केदार बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता, नवं माणूस, नवी जागा, नवी चव काही म्हणजे काही चालत नव्हतं त्याला. अशा मुलांची एक छोटी शाळा गावात होती. बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये भरायची. माग भंगारात गेले होते, पण ते जिथं रोवलेले होते तिथले खड्डे जमिनीत तसेच होते आणि शेजारच्या शेडमधला खटॅक खटॅक आवाज दिवसभर चालायचा. आम्ही आया सकाळी मुलांना घेऊन यायचो आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच बसून राहायचो. मुलं केव्हा काय करतील याचा नेम नसायचा.

तिथं कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. मी केदारची आई. पद्माताई त्रिशलाची आई. त्रिशला नऊ वर्षांची, डोळ्यांनी नुसती चमचम बोलणारी पोर. पण हातपाय तिच्या ताब्यात नव्हते. चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवावं लागायचं, आणि एकेक शब्द तिला विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढून काढावा लागायचा.

एकदा आमच्यातली एक आई पायरीवरच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या, ताण घेऊ नका. ते ऐकून पद्माताईला हसू आवरेना.

"ताण घिऊ नका म्हनं! जसा काय ताण बाजारात मिळतोय आन् आपन पिशवी घिऊन गेलोय!" मग डोळे पुसत म्हणाली, "बायांनो, आपल्याला म्हायेर पायजे. सासरच्या मानसांना आपली पोरं सांभाळता येत न्हाईत. म्हायेरच्यांना बघवत न्हाईत. मग आता आपनच एकमेकींचं म्हायेर व्हायचं."

आम्ही पाच जणी होतो. पाच वार वाटून घेतले. ज्या दिवशी जिचं माहेर, त्या दिवशी तिनं दुपारी बाहेर पडायचं आणि तिचं मूल दुसरीनं सांभाळायचं. नेमही पद्माताईनंच घालून दिले. माहेरवाशिणीला त्या दिवशी तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची. अंगावरची रोजची साडी शाळेत सोडून चांगली साडी नेसूनच बाहेर पडायचं, कारण "हळदीचे डाग घिऊन म्हायेरला कोन जातंय?" चार वाजायच्या आत परत फिरायचं नाही. आणि कुठं गेली होतीस, हे कुणी विचारायचं नाही.

माझा वार गुरुवार. जांभळ्या ठिपक्यांची, धुऊन धुऊन मऊ पडलेली वायलची साडी मी खुंटीवर टाकायची, पिशवीतली मोरपंखी इरकल नेसायची, केदारला पद्माताईच्या हवाली करायची आणि निघायची. गावात माझी एक चुलत आत्या होती. तिच्याकडे जाऊन पंख्याखाली आडवी व्हायची आणि चहा गरम असतानाच प्यायची. केदार झाल्यापासून मी गारढोण चहाच पीत आले होते.

एवढं सुख पदरात पडल्यावर माणसानं देणाऱ्याचे गुण गावेत की नाही? पण मी कसली! तोंडावर मी तिला पद्माताई म्हणायची, अहो-जाहो करायची. मनात मात्र तिला एकेरीवर आणून रोज फाडून खायची.

आधी दहीभात झाला. मी हातात वाटी घेतली की केदार तोंड फिरवायचा. एका गुरुवारी परत येऊन बघते, तर हिनं त्याला अर्धी वाटी दहीभात चारलेला. मग नखं झाली. दोन्ही हातांची, एकही ओरखडा न निघता. आणि आता केस. "एकदम नगं," ती मला समजावत होती. "दर गुरुवारी थोडं थोडं कापू. आज मानंवरचं, फुडच्या गुरुवारी कानामागचं." जशी काही मीच शाळेत नवी आलेली पोर.

नऊ महिने मी पोटात वाढवलं. सात वर्षं गू-मूत मी काढलं, रात्री मी जागवल्या, बसमध्ये लोकांचं ऐकून मी घेतलं. माझ्याजवळ हा येणार तो पदर चावायला. पदराचं टोक कायम याच्या लाळेनं ओलं. आणि मांडीवर डोकं ठेवायला ही! आयत्या बिळावर नागोबा!

यामागे आणखी एक दुखणं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इचलकरंजीला यायच्या आधी सासूबाई सहज बोलून गेल्या होत्या, "याला आपलं-परकं काही उमगतच नाही गं. तुला आई म्हणून तरी ओळखतो का, देव जाणे." वाईट हेतूनं नव्हत्या बोलल्या. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं होतं. याला कुणीच कळत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. कुणीच नाही, तर मीही नाही. पण पद्माताई आली आणि तीही समजूत गेली. याला आपलं-परकं चांगलं उमगत होतं. परकी मी होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन पिशवीतली वायलची साडी काढली, तर तिच्यात बारीक बारीक केस अडकलेले. केदारचे. मला उलगडा झाला. ते फडकं म्हणजे माझी साडी होती!

"बघितलंत?" मी साडी यांच्यापुढे आपटली. "माझ्या साडीचं न्हाव्याचं फडकं केलं तिनं. स्वतःची नाही खराब केली, माझी केली!"

"अगं, केस कापून झाले ना?" हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "मग साडीला काय धरून बसलीस?"

"तुम्हाला नाही कळायचं. पुढच्या गुरुवारी शेवटचं जाईन. मग केदार माझ्याजवळ घरीच राहील. कुणाचं माहेर नको आणि कुणाचे उपकार नकोत."

आता मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. "आणि शाळा?"

"शाळा शिकून तो काय कलेक्टर होणार आहे?"

बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. पण माघार घेईन ती मी कसली. पुढच्या गुरुवारी सकाळी ती साडी मी सोड्याच्या पाण्यात खळाखळा धुतली, उन्हात वाळत टाकली आणि घरूनच इरकल नेसून शाळेत गेले.

पद्माताईनं मला खालून वर पाहिलं. "घरातनंच नेसून आलीस? मग रोजची साडी?"

"धुतली," मी म्हटलं. "फार मळली होती."

तिची नजर रिकाम्या खुंटीकडे गेली. तिचा चेहरा जरा उतरला. मला बरं वाटलं. म्हटलं, लागलं वाटतं वर्मी.

दुपारी निघाले, पण आत्याकडे गेले नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावर जरा वेळ बसले आणि उन्हातून परत येऊन त्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. मार्च संपत आला होता. गज असे तापले होते की हात लावता येत नव्हता.

आत केदार ओरडत होता.

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पद्माताईनं हात पुढे केला की तो झिडकारत होता. तिनं दहीभाताची वाटी आणली, ती त्यानं उडवली. मांडी थोपटून "ये, ये" म्हणाली, तर तो पार शेडच्या दुसऱ्या टोकाला पळाला. घे, मी मनात म्हटलं. घे अजून मांडीवर. सात वर्षांची आई आहे मी, गुरुवारची नव्हे.

मग त्यानं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली.

हे त्याचं सगळ्यात वाईट होतं. घरी असं झालं की मी उशी घेऊन धावायची. इथं उशी नव्हती. पद्माताई आपलं जाडजूड अंग सावरत धावली आणि तिनं भिंत आणि केदारचं डोकं यांच्यामध्ये स्वतःचा हात घातला. त्याचं डोकं आपटत होतं आणि तिचा हात भिंतीच्या खडबडीत गिलाव्यावर चेचला जात होता. ती हात काढत नव्हती.

मी पळतच आत शिरले. "केदार! मी आले रे, आई आली!" त्याला कवेत घेतलं. त्यानं मला असं ढकललं की मी मागच्या मागे बसले. आनंद कुठल्या कुठे पळाला. तिला नको म्हणत होता, तसाच तो मलाही नको म्हणत होता. सासूबाई खरं बोलल्या होत्या.

"का... कू."

त्रिशला होती. खुर्चीत तिची मान डुगडुगत होती, तोंड वाकडं होत होतं. शब्द बाहेर काढायला ती सगळं अंग पणाला लावत होती.

"काकू... जां... भळी... सा... डी."

"साडीचं काय, बाळा?"

"घरी ठेवलीस नव्हं का तू," पद्माताई धापा टाकत म्हणाली. तिच्या बोटांची सालं निघाली होती. "ती आसती तर ह्यो गप झाला आसता."

"म्हणजे?"

"पैल्या गुरुवारी तू गेलीस आन् ह्यानं शेड डोक्यावर घेतलं. काय केल्या गप बसंना. मग सोताच जाऊन खुंटीवरची तुजी साडी वडली, तिच्यात तोंड घातलं आन् झोपलं की शांत. तवापास्नं मी ती मांडीवर घेती. दहीभात चारला तो बी ह्याला तिच्यात गुंडाळून. नखं काढली ती बी तशीच. ते माझ्याकडं न्हाई गं येत, हेमा. तुझ्या वासाकडं येतंय. मी कोन? मी नुसती खुंटी."

"मग... मी परत आल्यावर मला का ढकलतो?"

"आगं, त्या इरकलीला ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास मारतोय! माजंच डोकं उठतंय, तर त्या लेकराला काय वाटत आसंल? वळकायचं कसं त्यानं तुला?"

केदारचं आपटणं चालूच होतं. आता त्याचं डोकं माझ्या तळहातावर आदळत होतं. धुतलेली साडी घरी दोरीवर, सोड्याच्या वासाची. ती आणून उपयोग नव्हता.

"घाम पूस," पद्माताई म्हणाली.

"काय?"

"उनातनं आलीयास, घामानं निथळतीयास. पदरानं पूस. तोंड, मान, काखा, समदं."

"इरकलीच्या पदरानं?"

"मग काय शालू आनू? पूस म्हनते न्हवं! हितं कोन पुरुष बसलाय?"

मी पुसला. चोळून चोळून पुसला. जरीचा पदर ओला झाला, पार चोळामोळा झाला. तो गोळा करून मी केदारच्या तोंडापाशी धरला. त्यानं नाक आक्रसलं, मान फिरवली. मग पुन्हा वळवली. डांबरगोळ्यांच्या आड काहीतरी शोधत असल्यासारखा तो हुंगत राहिला. एकदा. दोनदा. मग त्यानं पदराचं टोक दोन्ही मुठींत धरलं, तोंडात घातलं आणि चावायला लागला.

पदर ओढत ओढत तो माझ्या मांडीपर्यंत आला. मी हलले नाही. त्यानं तोंड माझ्या पोटात खुपसलं. थोड्या वेळानं मी वाकून पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा हलत होता.

मग मी रडले. पद्माताईनं मला रडू दिलं आणि दुखऱ्या हातानं कात्री घेऊन माझ्या मांडीतल्या केदारचे कानामागचे केस कापून टाकले. "आज दोनी कान हुत्यात बघ," असं म्हणून.

कात्री ठेवून ती हात धुऊन आली, तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलं इतके दिवस?"

"पैल्यांदा वाटलं तुला ठावं आसंल. आईला ठावं नसंल असं कसं वाटंल?" ती ओली बोटं पदराला टिपत राहिली. "मग कळलं, तुला ठावं न्हाई. तुजा चेहरा काळा ठिक्कर पडलेला दिसायचा की मला. तरी बोलले न्हाई."

"का?"

तिनं त्रिशलाकडे बघितलं. एवढ्या बोलण्यानं दमून त्रिशलाचा डोळा लागला होता. खुर्चीच्या पाटीवर पट्ट्यांनी बांधलेले तिचे पाय एकमेकांवर वळलेले होते.

"मांडीवर साडी घिऊन बसले की ते पळत येतंय गं," पद्माताई हळू आवाजात म्हणाली. "साडी बघून का हुईना. शेडच्या त्या टोकापास्नं पळत येतंय आन् दानकन मांडीवर उडी टाकतंय. मार लागतोय मला. पर माझ्या मांडीवर असं पळत कुनी आलं न्हाई कदी. येनार बी न्हाई. म्हटलं, तुला सांगितलं तर तू साडी न्हेशील."

शेजारच्या शेडमधले माग चालू होते. आम्ही दोघी केदारला मध्ये घेऊन शाळा सुटेपर्यंत तशाच बसून राहिलो.

घरी गेल्यावर यांनी विचारलं, "झालं का शेवटचं जाऊन?"

"कसलं शेवटचं?" मी म्हटलं. "केस अजून अर्धे राहिलेत."

पुढच्या गुरुवारआधीचे तीन दिवस मी वायलची साडी अंगावरून उतरवली नाही. स्वयंपाक तिच्यात, झोप तिच्यात. "अगं, वास मारतोय तुला," हे म्हणाले. म्हटलं, मारू दे. इरकल मात्र दोन दिवस उन्हात टाकून ठेवली होती.

गुरुवारी शाळेत जाऊन मी साडी बदलली. वायलची खुंटीवर टाकली नाही.

"पद्मा, ऊठ."

मी तिला आजवर कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. ती बघतच राहिली. "काय गं?"

"नेस ही."

"आगं ए, माझ्या ह्या अंगाला ती पुरंल का? आन् आज म्हायेर तुजं हाय, माजं न्हाई!"

"पुरवून घे. उभी राहा नीट."

तिच्या साडीवरूनच मी ती तिला गुंडाळली. निऱ्यांना कापड उरलंच नाही, पदर कसाबसा खांद्यावर पोचला. खुर्चीत त्रिशला खिदळत होती. मग मी केदारचा हात धरून त्याला शेडच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले, पद्माकडे तोंड करून उभा केला आणि हात सोडला.

त्याला जांभळे ठिपके दिसले आणि तो धावत सुटला. मागांचे खड्डे चुकवत, हात फडफडवत, तोंडानं मोठा आवाज काढत. पद्मा भिंतीला टेकून बसली, पाय पसरले, दोन्ही हात उघडले. तो दाणकन जाऊन आदळला. "आई गं, मेले!" म्हणून ती ओरडली आणि हसत सुटली.

पोटात जरासं दुखलंच. खोटं कशाला बोलू? मग मी आत्याकडे गेले आणि गरम चहा प्याले.